खाऱ्या वाऱ्यातली गाडी आणि व्हिनाइलचा रॅप : प्रस्तावना

रत्नागिरी शहर सोडून पावसच्या रस्त्याला लागलं की भाट्याच्या खाडीवरचा पूल येतो. पूल उतरला की उजव्या हाताला सुरूचं बन, बनापलीकडे दीडेक किलोमीटरचा सरळ किनारा, आणि किनारा संपतो तिथे झरी विनायकाचं देऊळ. नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून याच गावात आहे. माडाला खारं वारं मानवतं. त्याच वाऱ्यात उभ्या केलेल्या मोटारीला ते मानवत नाही. सकाळी बॉनेटवरून बोट फिरवावं, तर बोटाला चिकटसर, पांढुरकं काहीतरी लागतं. बहुतेक लोक दव समजून फडक्याने पुसतात. जिभेला लावून पाहिलं तर खारट लागेल.

लाट फुटताना उडणारे तुषार हवेतच सुकतात आणि मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर गावात येतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. रत्नागिरीत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता याहून वरच असते, आणि एरवीही पहाटेकडे ती चढते. म्हणजे पाऊस पडो न पडो, किनाऱ्यालगतची गाडी दिवसातला बराच वेळ खारट पाण्याच्या पातळ थराखाली उभी असते. शिवाय एप्रिल-मेचं ऊन, जांभ्याची लाल धूळ, आंब्याचा चीक, कावळ्यांची शीट, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. वर माड असेल तर नारळही. नारळापुढे कुठल्याच फिल्मचं काही चालत नाही, तो विषय सोडून देऊ.

गाडीवर व्हिनाइल रॅप (चिकट फिल्मचं आवरण) कसा चढवावा, यावरची ही पुस्तिका पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दुकानात बसूनही लिहिता आली असती. या कामाला गिऱ्हाईक तिकडेच जास्त. पण तिथे रॅप चार वर्षं टिकला तर तो फिल्मचा गुण की सोप्या हवेचा, हे सांगणं अवघड. भाट्यासारख्या ठिकाणी फिल्म, गोंद आणि कारागीर, तिघांचीही परीक्षा एका पावसाळ्यात होते. हत्यारं, मापं, कृती हे सगळं पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच, आणि ते रॅप विकताना सहसा सांगितलं जात नाही: रॅप गाडीचा रंग राखतो, पत्रा राखत नाही.

गाडीला गंज कुठून लागतो ते पाहा. दाराच्या खालच्या दुमडीतून, चाकावरच्या कमानीच्या आतल्या ओठातून, पायदानाच्या पोकळीतून, सायलेन्सरच्या जोडातून, चिखल साठतो त्या कोपऱ्यातून. यांपैकी एकाही जागेवर रॅप पोचत नाही. तो बसतो बॉनेटवर, टपावर, दारांच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे जिथे कारखान्यातला रंग आधीच धडधाकट आहे तिथे. तरी तो निरुपयोगी नाही. उन्हातले अतिनील किरण रंगावरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला, पांढरा पाडतात, तो मारा फिल्म स्वतःवर घेते. गेटवरच्या जास्वंदीच्या फांदीचा ओरखडा, बाजारात कुणाच्या पिशवीची घासणी, शिटेतल्या आम्लाचा डाग, हेही फिल्मवर थांबतं. पण आत गंज सुरू असताना वरून मॅट काळा चढवला, तर गंज फक्त दिसेनासा होतो. फोड वर यायला लागला की फिल्म फुगते आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायला येतं. म्हणून फिल्मचा रंग निवडायच्या आधी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी, हे या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण आहे, आणि लेखकाने ते तसं ठेवलं याचा मला आनंद आहे.

आता ही फिल्म म्हणजे काय ते पाहू. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. १८७२ साली जर्मनीत ऑयगेन बाउमान यांच्या प्रयोगशाळेत ते नोंदलं गेलं, पण ते कडक आणि ठिसूळ होतं, कशाच्या उपयोगाचं नव्हतं. १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांनी त्यात मऊ करणारी द्रव्यं मिसळली आणि ते वाकायला, ताणायला लागलं. आपल्याला हे सगळं परक्या मुलखातलं वाटायचं कारण नाही. भाट्याहून पावसकडे जाताना गोळप-रनपारला फिनोलेक्सचा कारखाना लागतो, तो पीव्हीसीच्या रेझिनचाच. परदेशातून जहाजाने कच्चा माल येतो आणि इथे त्याची पांढरी भुकटी होते. त्या भुकटीचे मुख्यतः पाइप होतात. गाडीवरची फिल्म दुसऱ्या कारखान्यांत तयार होते. पण माडाच्या बागेला पाणी नेणारा पाइप आणि टपावरची फिल्म रसायनाच्या हिशेबाने एकाच घरातली. आणखी एक योगायोग असा की रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज सापडतं, आणि इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंगकण मिळतो. पांढऱ्या फिल्ममध्ये तोच असतो.

फिल्मचे दोन प्रकार, आणि पुस्तकातलं अर्धं शहाणपण त्या फरकात आहे. एक लाटीव, दुसरी ओतीव. लाटीव फिल्म पोळीसारखी तयार होते. पीव्हीसीचा गरम लगदा मोठ्या लोखंडी रुळांमधून दाबून, ओढून पातळ करतात. ओढल्याचा ताण तिच्यात राहतो, आणि उन्हाने तापली की ती पुन्हा आखडायला बघते. ओतीव फिल्म घावनासारखी. पातळ द्रव सपाट कागदावर ओततात आणि भट्टीतून नेऊन सुकवतात. तिला कुणी ओढलेलंच नसतं, म्हणून तिच्यात परत आखडायची ओढही नसते. ती साधारण ५० मायक्रॉन जाडीची, लाटीव ७० ते १०० मायक्रॉनची. पातळ आहे म्हणून ओतीव फिल्म कमी दर्जाची, असा समज गिऱ्हाइकाचाच नव्हे, काही दुकानदारांचाही असतो. गोलाईवर, खाचेत, बंपरच्या वळणावर ओतीवच टिकते. सपाट पाटीवर, टेम्पोच्या हौद्याच्या बाजूवर लाटीव स्वस्तात काम भागवते. निवडणुकीत प्रचाररथांवर जे चिकटवतात ते हेच स्वस्त काम. महिन्याभरासाठी ते ठीक. निकाल लागल्यावर उमेदवार विसरतो आणि फिल्म तशीच सहा महिने उन्हात राहते. मग ती सोलताना तुकडे पडतात आणि गोंद पत्र्यावर राहतो. तो काढायला गाडीवाला रॉकेल शोधत फिरतो.

या कामाचे पूर्वज आपल्याकडे आहेतच. एसटीच्या गाडीवर हाताने अक्षरं काढणारे पेंटर, ट्रकच्या पाठीवर मोर आणि कमळ काढणारे चित्रकार, आणि त्यांच्यानंतर आलेला रेडियमवाला. रिक्षाच्या काचेवरचं ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, दुचाकीच्या टाकीवरचा वाघ, मडगार्डवरचा भगवा पट्टा, हे सगळं रेडियमवाल्याने ब्लेडने कापून चिकटवलं. पुढे प्लॉटर आला आणि हाताचं कापणं यंत्राकडे गेलं. रॅपच्या कामात आलेले कितीतरी मुलगे या रेडियमच्या टपऱ्यांत तयार झालेले आहेत. त्यांचा ब्लेडवरचा हात इतका हलका असतो की फिल्म कापली जाते आणि खालच्या रंगावर रेघ उमटत नाही. हा हात शिकवून येत नाही असं म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो शिकवून येतो, फक्त शिकवणाऱ्याला धीर लागतो.

संपूर्ण गाडीचा रंग फिल्मने बदलण्याची रीत रुळली ती युरोपात, आणि तिच्यामागे हौसेपेक्षा हिशेब होता. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. हस्तिदंती टॅक्सी पुढे विकायला काढली की तिला भाव येईना. तेव्हा मालकांनी गाडी काळी किंवा चंदेरी घेऊन वर हस्तिदंती फिल्म चढवायला सुरुवात केली. टॅक्सीचं आयुष्य संपलं की फिल्म सोलायची, आत मूळ रंग कोराच. आपल्याकडे काळी-पिवळीच्या मालकांना ही युक्ती त्या काळी मिळाली असती तर बरं झालं असतं. पारदर्शक संरक्षक फिल्म, जिला पीपीएफ म्हणतात, ती वेगळ्या वाटेने आली. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या धारा उडत्या वाळूने झिजत, म्हणून अमेरिकन सैन्याने त्यांवर पॉलियुरेथेनची चिवट पट्टी चिकटवली. तीच पुढे शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग घरगुती मोटारींवर आली. भाट्याच्या वाऱ्यात वाळू असतेच, म्हणून ही गोष्ट इथल्या माणसाला चटकन पटावी.

पीपीएफ आणि व्हिनाइल यांत गल्लत होते, म्हणून थोडं सांगतो. पीपीएफ साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, दगडाचा मार सोसते, आणि चांगल्या प्रतीची असेल तर हलके ओरखडे उन्हाच्या उबेने आपोआप भरून निघतात. व्हिनाइल रंग बदलतं आणि जुजबी संरक्षण देतं. कारखान्यातला सगळा रंग, प्राइमरपासून क्लिअर कोटपर्यंत, १०० ते १३० मायक्रॉनच्या आसपास असतो. रोज आंबा घाटातून कोल्हापूरला ये-जा करणाऱ्याने पुढच्या बंपरला आणि बॉनेटला पीपीएफ लावावी आणि बाकी गाडीच्या रंगाची हौस व्हिनाइलने भागवावी, हा माझ्या पाहण्यातला सर्वांत समंजस तोडगा आहे. संपूर्ण गाडीला पीपीएफ लावण्याच्या खर्चात एखादी चांगली दुचाकी येते.

आता कामाकडे. गाडी धुणं हा रॅपमधला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. किनाऱ्यावरच्या गाडीला साबणाचं एक पाणी पुरत नाही. मीठ रबराच्या पट्ट्यांत, नंबरप्लेटच्या मागे, दाराच्या मुठीच्या वाटीत लपतं. वरून गाडी स्वच्छ दिसते आणि तासाभराने त्या फटीतून पाण्याचा एक ओघळ खाली उतरतो, खारट. तो ओघळ फिल्मच्या गोंदाखाली गेला की तिथली कड पुढच्या श्रावणात उचलणार. म्हणून इथे आदल्या दिवशी गोड्या पाण्याने, फटींत फवारा मारून गाडी धुवायची, रात्रभर बंद जागेत सुकवायची, दुसऱ्या दिवशी क्ले बारने रंगावरचे रुतलेले कण काढायचे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पुसल्यावर उघड्या तळव्याने हात लावायचा नाही. मेणाचं पॉलिश आधी कधी झालं असेल तर ते गिऱ्हाईक सांगत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो गोल उभा राहिला तर मेण अजून आहे.

मग लोगो, दाराच्या मुठी, आरसे, दिवे शक्य तितके सोडवून घ्यायचे. ते न सोडवता भोवतीने कापलेला रॅप दुरून छान दिसतो. पावसात ती प्रत्येक कापलेली कड पाण्याला आत यायची वाट होते.

आरशाच्या टोपीवरून कारागीर ओळखावा. टोपी सर्व बाजूंनी फुगीर. सपाट फिल्म तिच्यावर घातली की चारी कोपऱ्यांत चुण्या पडतात. नवखा मुलगा हीटगन जवळ आणतो, चुण्या वितळवू बघतो, आणि फिल्मला भोक पडतं किंवा रंग पांढुरका होतो. जाणता माणूस फिल्म आधी हलकी गरम करतो, दोन्ही हातांनी चारी दिशांना सारखी ताणतो, मधोमध टेकवतो, थंड होऊ देतो, आणि मग चुणी असलेली बाजू पुन्हा उचलून, उबवून, बाहेरच्या दिशेने ओढत नेतो. फिल्म गरम झाली की चुणी आपसूक सपाट होते, ती क्षणभर वाट पाहणं ज्याला जमलं त्याला आरसा जमला. मग मऊ किनारीच्या स्क्वीजीने मधून कडेकडे हवा काढत जायचं. आजकालच्या फिल्मच्या गोंदात हवा निसटायला सूक्ष्म पाट असतात, त्यामुळे बुडबुड्यांचा जुना छळ बराच कमी झाला आहे. शेवटी जिथे जिथे फिल्म ताणली किंवा खाचेत दाबली, तिथे तिला ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवायचं, म्हणजे ती आपला जुना सपाट आकार विसरते. तपमान हाताने नव्हे, इन्फ्रारेड मापकाने बघायचं. ही पायरी डोळ्यांना दिसत नाही, बिलातही दिसत नाही, आणि म्हणूनच घाईत तीच गाळली जाते. दोन महिन्यांनी बंपरच्या खाचेत फिल्म ताठ उभी राहिलेली दिसली, तर हेच झालेलं असतं.

कडांबद्दल लेखकाने एक संपूर्ण प्रकरण लिहिलं आहे. त्यातली एक सूचना इथल्यासाठी मोलाची. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. फिल्म आत दुमडताना ती बुजली तर दारात पाणी साठतं आणि दार आतून गंजतं. बाहेरून दार नव्यासारखं. रॅपमुळे गंज लागला अशी तक्रार होते, तेव्हा बहुधा दोष या भोकांवर आलेल्या सेंटिमीटरभर फिल्मचा असतो. काम झाल्यावर दार उघडून, खाली वाकून, टाचणी घालून भोकं मोकळी आहेत ना ते बघावं. गिऱ्हाइकानेही बघावं, त्यात दुकानदाराचा अपमान नाही.

मॅट रंगाचं सध्या वेड आहे. शहरात मॅट करडी गाडी देखणी दिसते, कबूल. किनाऱ्यावर मात्र मॅटवर मिठाचे पांढरे डाग उठून दिसतात, आणि मॅटला पॉलिश करता येत नाही, केलं की तेवढाच भाग चमकायला लागतो. ज्याच्या दारात रोज गाडी धुवायला विहिरीचं गोडं पाणी नाही त्याने मॅटच्या नादी लागू नये. चकचकीत किंवा सॅटिन फिल्म निभावते. आणि आडव्या भागांचा, म्हणजे टप, बॉनेट, डिकी यांचा हिशेब वेगळा धरावा. तिथे ऊन सरळ पडतं, आणि उभ्या दारांवर पाच-सात वर्षं टिकणारी फिल्म टपावर त्याच्या निम्म्या काळात थकू शकते. कंपन्यांच्या हमीपत्रांतही आडव्या भागांना मुदत कमीच असते. ती ओळ बारीक अक्षरांत असते, चष्मा लावून वाचावी.

कायद्याचं थोडक्यात. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. पांढऱ्या गाडीला निळा रॅप चढवला तर तो बदल आरटीओत कळवून नोंदवून घ्यावा, आणि विमा कंपनीलाही सांगावं, नाहीतर अपघातानंतर रंगावरून वाद निघतो. ऑलिव्ह ग्रीन हा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनी संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. फौजी दिसावं म्हणून तो चढवायचा नाही. काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पार व्हायला हवा, हे नियमात आहे. नंबरप्लेटवर फिल्म तर अजिबात नको, पारदर्शकसुद्धा. एमएच ०८ असो की एमएच ०१, पोलीस हा भाग सगळीकडे सारखाच तपासतात.

रॅप उतरवण्याविषयी पुस्तिकेच्या शेवटी आहे, पण खरं तर ते चढवण्याआधी वाचावं. कारखान्याचा मूळ रंग असेल तर फिल्म उबवून, तिरक्या कोनात हळूहळू सोलली की रंग जसाच्या तसा मिळतो. गाडीला कधी डेंटिंग-पेंटिंग झालं असेल, तर लांबी, म्हणजे पुट्टी, आणि नवा रंग फिल्मबरोबर निघून येण्याची शक्यता असते. जुनी गाडी घेतलेल्याला हे ठाऊकच नसतं. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. एखाद्या दारावर आकडा दुप्पट-तिप्पट दिसला की समजावं, इथे पूर्वी काही घडलं आहे. ते गिऱ्हाइकाला दाखवून, कागदावर सही घेऊन मग काम सुरू करावं.

उतरवलेल्या फिल्मचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. एका मोठ्या गाडीला दीड मीटर रुंदीची वीसेक मीटर फिल्म लागते, आणि तेवढाच तिच्या मागचा कागदही कचऱ्यात जातो. गोंद लागलेलं पीव्हीसी सहजासहजी पुनर्वापरात जात नाही. कोकणात वाडीत पालापाचोळा पेटवायची सवय आहे, भाजावळीची परंपरा आहे, आणि त्या ढिगात प्लॅस्टिकही ढकललं जातं. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. रॅपची कात्रणं शेकोटीत घालू नयेत, नगरपालिकेच्या सुक्या कचऱ्यात बांधून द्यावीत.

पुस्तिका शिकणाऱ्या मुलांसाठी आहे, तशीच गाडीच्या मालकांसाठीही. शिकणाऱ्यांनी धुण्याचं आणि कडांचं प्रकरण दोनदा वाचावं, रंगांच्या नमुन्यांची पानं नंतर पाहिली तरी चालतील. मालकांना एकच विनंती. दुकानात पाऊल टाकाल तेव्हा ‘कुठला रंग चांगला दिसेल’ हे शेवटी विचारा. आधी विचारा: फिल्म ओतीव की लाटीव, खालून गाडी पाहिली का, दाराची भोकं मोकळी राहतील का, आणि उतरवताना रंग निघाला तर जबाबदारी कुणाची. याची उत्तरं सरळ मिळाली तर गाडी त्या माणसाच्या हाती द्या. आणि रॅप झाल्यावरही, समुद्रावरून घरी आलात की आधी खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा.

भाट्ये, रत्नागिरी